रुमालाखाली

आमच्या पत्राला उत्तर आलं तेव्हा
कृष्णेचं पाणी उतरून महिना झाला होता.
'सदर फाईल पुरात भिजली,
सबब निर्णय घेता येत नाही.'
खाली सेक्रेटरींची सही, निळी, कोरडी ठणठणीत.

मैदानावर पुरुषभर पाणी होतं, हे खरं.
साइटस्क्रीनच्या फळ्या हरिपूरच्या अंगाला सापडल्या.
रोलर तेवढा जागचा हलला नाही,
त्याच्या पोटावर चिखलाची रेघ अजून आहे.
पण असोसिएशनची कचेरी दुसऱ्या मजल्यावर,
आणि पाणी थांबलं जिन्याच्या सातव्या पायरीला.
आम्ही मोजलंय.
दुसरं काय करणार, मॅच नव्हती.

मागितलं तरी असं काय होतं?
तीन मोसमांचा भत्ता, दिवसाला दीडशे.
जतच्या मॅचला बजरंग खोताचा गुडघा गेला,
त्याच्या ऑपरेशनचं बिल.
आणि निवड समिती कधी बसते
ते आम्हाला आदल्या दिवशी तरी कळावं.
स्कोअरबुकाचं मागचं पान फाडून लिहिलं.
अक्षर माझं, मजकूर इलाहीचा.
अकरा सह्या झाल्या. बाराव्याला म्हटलं, तू नको रे,
तर म्हणाला,
सही करायला तरी आत घ्या की लगा.

मग एकेकाला चहाचं बोलावणं आलं.

हळदीच्या पेठेत पूर्वी सौदा व्हायचा तसं:
अडत्या इकडं, व्यापारी तिकडं, मधे रुमाल,
रुमालाखाली बोटं.
वर दोघंही पाऊसपाण्याचं बोलणार,
पोरीच्या लग्नाचं विचारणार.
भाव ज्याचा त्याला कळतो,
शेजारी उभ्या माणसाला नाही.
इलाही तांबोळीचा बाप तिथला तोलाईदार,
त्यानंच आम्हाला हे दाखवलेलं,
एका रविवारी, नेटनंतर, भडंग खाता खाता.

शीतल मगदूमला काय मिळालं, मला ठाऊक नाही.
अवधूतला आणि त्याच्या भावाला काय, तेही नाही.
मला काय मिळालं
ते रुमालाखालीच राहू दे.
पुढच्या मोसमात नाणेफेकीला मी गेलो,
एवढं सांगतो.

इलाहीही गेला होता चहाला.
चहा प्यायला, बशी उपडी ठेवली,
म्हणाला, साहेब, रुमाल काढा की.

दोन वर्षांची बंदी. शिस्तभंग.
ठराव एकमतानं मंजूर.

सहा वर्षं मी त्याला यष्ट्यांमागून वाचला.
गुगली कधी येणार
ते अख्ख्या जिल्ह्यात मला एकट्याला कळायचं:
करंगळी किंचित आत दुमडायची,
जशी शाळेत पट्टी खायच्या आधी दुमडते.
कुणाला सांगितलं नव्हतं. त्यालाही नाही.
त्याच्या जागी आलेल्या पोराच्या चेंडूंवर
मी पहिल्याच मॅचला अकरा बाय दिल्या.
पेपरात आलं, कप्तानाचं लक्ष नव्हतं.

परवा मार्केट यार्डात गेलो होतो.
आता सौदे उघड बोलतात, भाव फळ्यावर लिहितात.
इलाही बापाच्या काट्यापाशी,
हात मनगटापर्यंत पिवळे.
बंदी कधीच संपलीय. मी ते सांगायला गेलो होतो.
'आलास?' म्हणाला,
आणि खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला.
'घाल हात.'

घातला.
त्यानं दोन बोटं धरली, एक सोडलं,
मग सगळा पंजा आवळला.
वर तोंडानं म्हणत होता,
औंदा पाणी पुलाला लागलं नाही, बरं झालं.
मला काही कळेना.
'किती?' मी विचारलं.
'विचारायचं नसतं,' तो म्हणाला,
'तुला रीत ठाऊक आहे की.'

रविवारी टी-टाइमला ग्लोव्ह्ज काढले.
आतून पिवळे झालेत,
उजवा जास्त.