अर्धी बादली

ओहोटी लागली की आम्ही अकराजणी
आरोसाच्या खाडीत उतरतो,
छातीपर्यंत रबर, हातात दाताळं.
ओढ, वाक, वेच, टाक.
तिसऱ्या मोठ्या हट्टी,
वाळूत आतून कडी लावून बसतात.

माझी कडी सैल झाली
चौथ्या बाळंतपणानंतर, भरल्या बादलीखाली.
त्रेचाळीस वर्षांची होते.
न्हाणीघरात हाताला काहीतरी लागलं,
उकडून सोललेल्या अंड्यासारखं, मऊ,
आणि माझंच.
अंग बाहेर आलं होतं.

मी ते आत ढकललं, हात धुतले,
कामावर गेले.
अठरा वर्षं असंच.
सकाळी जागच्या जागी, संध्याकाळी उंबऱ्यावर.
बंदरातल्या तक्त्यापेक्षा
माझी भरती-ओहोटी मला जास्त पाठ.
नवऱ्याला म्हणायचे, कंबर दुखते.
त्या बिचाऱ्या कंबरेने
माझं किती काय पोटात घातलं!

थोरली सालादिना धीट.
ती सांतियागोला गेली, टेबलावर आडवी झाली.
पिशवी काढली, उरलेलं वर टाचलं,
मग तीन महिने बंदराच्या कट्ट्यावर बसून
आम्हाला वाकताना बघत राहिली,
दुधाचा कॅन उचलायचीही बंदी.
सात वर्षांनी पुढून जरासं पुन्हा उतरलं,
तेही तिनेच सांगितलं,
लिलावात भाव पडल्याचं सांगावं तसं.
"पण दोसिंदा, मी आता शिंकते.
पाय न आवळता शिंकते गं."

मला चाकूचं भय. आणि तीन महिने कोण पोसणार?
डॉक्टर ऊशिया माझ्या धाकटीच्या वयाची.
तिने बघितलं, दचकली नाही.
म्हणाली, घाई नाही, ठरवायचं तुम्हीच,
आणि खणातून सिलिकॉनचं कडं काढलं.

पहिलं कडं तिसऱ्या दिवशी निसटलं,
भर चिखलात, बुटाच्या डाव्या पायात.
सबंध ओहोटी त्याच्यावर उभी राहून वेचलं.
दुसरं, एक नंबर मोठं, बसलं.
बसलं म्हणजे इतकं, की दुपारी लक्षात आलं
मी ते विसरले होते.
दाताळं टेकवून
जरा वेळ समुद्राकडे पाठ करून उभी राहिले.

रविवारी रात्री काढते, साध्या पाण्याने धुते.
नातीने पाहिलं. हे काय?
आजीची अंगठी.
बोटात का नाही घालत?
झोप आता.

व्यायाम शिकवणारी म्हणते, आतली लिफ्ट वर न्या,
पहिला मजला, दुसरा मजला.
आमच्या गावात लिफ्ट नाही.
मी तिसरीचा विचार करते,
बोट लागताच मिटते कशी, तशी.
आवळ. धर. आठ मोज. सोड.
सोडणंच जास्त अवघड गेलं मला.

निवडणीच्या शेडमध्ये एकदा
बोलता बोलता तोंडून निघून गेलं.
चाळण्या थांबल्या.
मग ओब्दुलिया, चौऱ्याहत्तर वर्षांची,
मान वर न करता म्हणाली,
माझं तर गावात वीज आली तेव्हापासून.
आणि माझ्या आईने म्हणे बटाटा बसवला होता,
त्याला कोंब फुटला.
आम्ही हसलो, इतक्या हसलो
की तिघी-चौघींना धावावं लागलं,
आणि का धावल्या ते कोणी विचारलं नाही,
पहिल्यांदाच सगळ्यांना ठाऊक होतं.

आता मी बादली अर्धीच भरते.
फेऱ्या दुप्पट, तराजूवाला कुरकुरतो.
कुरकुरू दे.
उचलण्याआधी श्वास सोडते, आवळते, मग उचलते.
पण काल उधाणाची ओहोटी होती, तिसऱ्या नुसत्या उसळत होत्या,
आणि मी पुन्हा काठोकाठ भरली,
खोटं कशाला सांगू.
ओब्दुलियाने काही न बोलता
बादलीच्या कडीला दुसऱ्या बाजूने हात घातला.