जोड

एकशेबाराव्या भागात राजपुत्र इथवर आलाय:
काळ्या दगडाचा किल्ला, खाली धुकं,
मनगटावरची चांदीची रेघ चटके देतेय,
म्हणजे ती जवळपास आहे.
ती. नियतीनं जन्माआधीच
त्याच्या नावावर चढवलेली.

मी मिरजेत, दुकानाच्या माळ्यावर,
टांगलेल्या भोपळ्यांखाली बसून
फोनवर अंगठ्यानं लिहितेय.
खाली अब्बांची कानस चाललीय.
लाखेचा वास जिन्यानं वर येतो
आणि राजवाड्यात शिरतो.
वाचणाऱ्या पोरींना वाटतं, कसलं तरी अत्तर.

बार्शीची एक रोज विचारते,
ताई, भेटव ना आता दोघांना,
परवा माझा पेपर आहे.
उदगीरची म्हणते, त्याचे डोळे परत एकदा सांग.
सांगते. हिरवे.
गेल्या भागापर्यंत करडे होते,
कुणाच्या लक्षात आलं नाही.

तंबोऱ्यांची जोडी न्यायला माणसं लांबून येतात.
त्यांना वाटतं, एका वेलाचे दोन भोपळे असणार,
फुलात असल्यापासून एकमेकांचे.
अब्बा हसतात.
एक मंगळवेढ्याकडचा,
दुसरा कोपऱ्यात पडलेला, उंदरांनी हुंगून सोडलेला.
टिचकी मारतात, ऐकतात, बाजूला ठेवतात.
दोन पावसाळे जाऊ देतात.
मग दांडी, तबली, घोडी,
तार लावायची, काढायची, घासायची, पुन्हा लावायची,
आणि तारेखाली सुताचा एक धागा
केसभर पुढं, केसभर मागं.
त्या धाग्याला आम्ही जीव म्हणतो.
जीव जागेवर बसला की आवाज उघडतो.
नाही बसला तर संध्याकाळ गेली.

नियती हा शब्द या घरात कुणी वापरत नाही.
मी सोडून.
मला भागामागं पैसे मिळतात.

गेल्या रविवारी तासगावचं स्थळ आलं.
जुबेर. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला हिशेब बघतो.
किलोभर बेदाणे आणलेले, हिरवे, लांबट.
माझ्या मनगटाला काहीही झालं नाही.
बघितलं मी, ओढणीखाली, चोरून.
खाला म्हणाल्या, बोला की दोघं,
आणि स्वतः तिथंच बसून राहिल्या.
तो म्हणाला, तुमचे चाळीस भाग वाचले.
माझ्या पोटात गोळा.
मग म्हणाला, एक विचारू?
हा राजपुत्र दिवसभर तिलाच शोधतो,
तर राज्य कोण बघतं?
म्हणजे कालव्याचं पाणी कुणाला कधी सोडायचं,
सैन्याचा पगार वगैरे?

मी हसले, ते थांबताच येईना.
आतून अम्मीनं भांडं वाजवलं.

होकार नाही, नकार नाही.
गुरुवारी फोन करतो म्हणालेत.
बेदाणे निम्म्यावर आले.

आणि तेव्हापासून राजपुत्र पायरीवर उभा आहे.
काल रात्री शेवटी दार उघडलं मी.
चंद्र ठेवला, वारा ठेवला, सगळं जागच्या जागी.
तो म्हणाला, तू माझी आहेस, युगायुगांपासून.
आणि ती पोरगी, मला न विचारता,
म्हणाली, असेन.
पण बस जरा.
आणि त्याच्या चिलखतावर
बोटाची एक टिचकी मारून
कान लावून ऐकत राहिली.

पुढचं अजून सुचलेलं नाही.
बार्शीची चिडलीय,
हा कसला भाग, म्हणते.
पेपर मात्र बरा गेला.