ओता

काटा लाल पट्टीला टेकला तेव्हा मी
ओरिस्सारेच्या शाळेतला पियानो लावून परतत होते.
कानात अजून पांढरी पाच घोळत होती,
आणि हीटरमधून पायांवर गार वारा यायला लागला,
गोडसर वासाचा,
लांबच्या खोलीत कुणाचा तरी पाक करपल्यासारखा.

व्होल्वो माझ्याहून चार वर्षांनी मोठी.
कशीबशी दारापर्यंत आणली, बॉनेट उघडलं.
आत नुसतं टिक, टिक, टिक.
पुस्तिकेतलं चित्र मला पाठ होतं:
ही टाकी, हे झाकण, ही खालची रेघ, ही वरची.
पाणी खालच्या रेघेच्याही खाली.
एवढंच ना?
फडकं घेतलं.

कुंपणापलीकडून एंडेल म्हणाला, "ओऽता."
बटाट्याच्या वाफ्यातून मानसुद्धा वर न करता.
सामुदायिक शेतीच्या काळात तो ट्रॅक्टर जोडायचा,
एवढंच मला त्याच्याबद्दल ठाऊक.

सहा महिने एस्टोनियनच्या शिकवणीला जाते आहे.
ओऽता म्हणजे थांब. पहिल्याच धड्यात आहे,
बसची वाट बघणाऱ्या बाईच्या चित्राखाली.
पण घाईत कान माहेरी पळतो.
मला ऐकू आलं: ओता.
तेही आदरार्थी.
या बेटावर इतक्या आदरानं
मला कुणी काही सांगितलं नव्हतं.
मी झाकण फिरवलं.

पाव वळसा.
शिट्टी. उकळता निळसर फेस. अंगठा.
आणि "आई गं!",
जे त्याला भाषांतराशिवाय कळलं.

पावसाच्या पिंपात माझं मनगट बुडवून धरून
तो उभा राहिला,
पहिल्यांदाच कुंपणाच्या या बाजूला.
मग आम्ही थांबलो. तासभर, खरोखरचं.
त्याचं मांजर सांडलेल्या थेंबांकडे निघालं
तसा त्यानं बूट आडवा घातला,
बादलीनं सगळं धुऊन काढलं,
आणि मला दाखवलं: जिभेवर बोट,
मग गळ्यावरून आडवं बोट.
गोड लागतं म्हणून चाटतात.

मी सांगू पाहिलं.
तुमचा तो शब्द, आमच्याकडे,
आणि रिकामी बरणी हवेत कलती केली.
तो बराच वेळ बरणीकडे बघत राहिला.

ताप उतरला.
रेडिएटरची वरची नळी त्यानं चिमटीत दाबली, सोडली,
मान डोलावली.
अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर,
ऱ्हुबार्बच्या जॅमच्या धुतलेल्या बरणीत
मीच मिसळलं, डोळ्यांच्या पातळीला धरून.
"ओऽता," एंडेल म्हणाला.
मी थांबले.
"ओऽता!"
मी आणखी थांबले.
त्यानं बरणी माझ्या हातात कोंबली
आणि कपाळाला हात लावला.

बारीक धारेनं ओतलं. दोन रेघांच्या मध्ये आलं.
झाकण लावून गाडी सुरू केली, हीटर पुरता सोडला,
कुठेतरी आत एक बुडबुडा गटकन गिळला गेला,
आणि पायांवर ऊब आली.
मी टाळ्या वाजवल्या. त्यानं नाही.

सकाळी, गार इंजिनावर, पाणी पुन्हा बोटभर उतरलेलं.
नळीच्या क्लिपपाशी पांढरी खपली,
लोणच्याच्या झाकणाला साठतं तशा मिठाची.
एंडेलनं ती नखानं उकरली आणि माझ्याकडे पाहिलं.
उतरलेली तार आवळायला मी ओरिस्सारेपर्यंत जाते,
मग हे माझ्या दारातलं.
पान्ह्यासाठी शब्द येत नव्हता.
हात पुढे केला, पट्टी बांधलेला.

वहीत, पियानोंच्या पानावर:
ओरिस्सारे, पांढरी पाच, केसभर उतरलेली. लावली.
व्होल्वो, बोटभर. क्लिप आवळली, अर्धा वळसा.
गुरुवारी पुन्हा बघायचं.
गार असताना.