डाव्या मनगटावर

नववा दिवस.
मी बोटांवर मोजला, मग परत मोजला
कॅलेंडरच्या मागच्या पानावर,
जिथं दुधाचा हिशेब असतो.

सर्जेराव कोइमतूरहून आला रात्रीचा,
बायको, दोन पोरं, मेव्हणा.
तिकडं गलाईची दुकानं बंद, भट्ट्या गार.
विट्याच्या नाक्यावर पाची जणांच्या हातांवर
जांभळा शिक्का उठवून
सोडलं त्यांना गावात:
घरातच राहायचं. चौदा दिवस.

आणि आज तो माझ्या दुकानाच्या फळीशी.
"वैनी, पावशेर चहा, एक बिस्किटपुडा,
आन तंबाखू हाय का?"
पैसे द्यायला हात पुढं आला
तेव्हा बाही सरकली.
शिक्का नव्हता.
त्याच्या जागी रुपयाएवढा लाल चट्टा,
कातडं सोललेलं.

तेजाब.
सोन्यातलं हिणकस खाऊन टाकणारं तेजाब
ज्यांच्या हाताखालून पाण्यासारखं जातं
त्यांना शाईचं काय.

सुटे मी फळीवर ठेवले, त्याच्या हातात नाही.
त्यानं ते बघितलं.
त्यानं बघितलेलं मी बघितलं.
नोट पापड भाजायच्या चिमट्यानं उचलून
हळदीच्या पाण्यात बुडवली.

आत मामंजी खोकत होते.
त्यांचा खोकला जुना, दम्याचा, बावीस वर्षांचा.
या दिवसांत तोही आम्ही
टीव्हीचा आवाज वाढवून झाकतो.

दक्षता समितीचा नंबर
शाळेच्या भिंतीवर रंगवलाय,
खाली: 'माहिती देणाराचं नाव गुप्त राहील.'
गुप्त!
तालमीमागं सतरा घरं,
कुणाच्या कुकरला किती शिट्ट्या झाल्या
ते उजाडायच्या आत पारावर पोचतं.

तरी लावला फोन. त्यात आधी कुणीतरी खोकतं,
मग बाई सांगते, हात धुवा, अंतर ठेवा.
बाईचं संपायच्या आत मी ठेवून दिला.
दोनदा.

कारण असं, की हे मिरजेला ॲडमिट होते तेव्हा
यानंच तिकडून चाळीस हजार पाठवले,
माणसाच्या हाती, चिठ्ठी ना चपाटी.
हे वाचले नाहीत, ती गोष्ट वेगळी.
एकोणतीस फेडले.
अकरा राहिलेत.
फोन केला तर गाव म्हणेल, अकरा हजारांसाठी केला.
आणि नाही केला तर
तोही अकरा हजारांसाठीच.

रात्री गच्चीवर गेले, झोप नव्हती.
हापशावर त्याची पोरगी, वैजू, नऊ-दहा वर्षांची,
एकटी.
दांडा करकरू नये म्हणून
पोटाशी धरून हळूहळू दाबत होती.
घागर भरायला किती वेळ लागला ते विचारू नका.
खांबावरच्या दिव्यात तिचं मनगट दिसलं:
शिक्का होता, ठळक.
लेकीच्या कातड्याला तेजाब लावायला
हात धजला नसणार त्याचा.

सकाळी त्यांच्या गडग्यापाशी जाऊन ओरडले,
मुद्दाम, गल्लीनं ऐकावं म्हणून:
"सर्जेराव, पाणी मी भरून ठेवीन दारात,
चहा-तंबाखू गडग्यावर.
आता उंबरा ओलांडलास
तर शपथबिपथ नाही घालत, फोन करीन."
आतून कुणी बोललं नाही.
जरा वेळानं मेव्हण्याचं हसू ऐकू आलं.

चौथ्या दिवशी ॲम्ब्युलन्स आली
ती आमच्याकडं नाही, वरच्या आळीला,
मथूआजीला न्यायला.
ती दुकानात आली होती का त्या दिवशी?
आली होती. कपड्याचा साबण न्यायला.
सर्जेरावच्या आधी की नंतर
ते मला आठवत नाही.

आठवत नाही, असं मी आरोग्यसेविकेला सांगितलं.
तिनं तसंच लिहून घेतलं,
पिशवीतून शाईची डबी काढली,
आणि माझ्याकडं न बघताच
डावा हात, म्हणाली.