आठ बाय आठ

एर्मेलिंदाबाईंच्या आझुलेजांचे फोटो,
एकेक बारा एमबीचा.
पणजीत, मळ्यातल्या त्यांच्या खोलीत
भट्टीच्या उबेला पाठ करून मी पट्टी सरकवतो:
शंभर, नव्वद, ऐंशी.
काही बिघडत नाही.
सत्तर. तरीही नाही.
आकडा उतरतो आणि मला उगाच
काहीतरी फुकट मिळाल्यासारखं होतं.

चाळीसला होडीच्या शिडाभोवती धुरकट किनार,
पेज उतू गेलेल्या भांड्याला असते तशी.

विसाला बाई चष्मा कपाळावर नेतात.
"हे सांधे कोणी घातले?
ही फरशी एक, पुता. तू तिच्या शंभर केल्यास."

मी सांगतो, यंत्र चित्राचे चौकोन पाडतं,
आठ टिंबं आडवी, आठ उभी,
आणि प्रत्येकाला विचारतं,
तुझं थोडक्यात काय ते सांग.
शेजारच्याचं काय चाललंय, हे विचारत नाही.

त्या हसतात.
चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं,
भिंतीएवढी मांडवी चौकोनांत कापली.
फक्त वल्ह्याची रेघ
या फरशीवरून त्या फरशीवर जाताना
हात उचलला नाही.

मग निळा.
उजेड पूर्ण ठेवायचा, रंग अर्धा टाकायचा,
डोळ्याला कळत नाही, असा नेम आहे.
बाईंच्या डोळ्याला कळतं.
"कोबाल्ट लावते तेव्हा तो राखेसारखा दिसतो,
गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं.
भाजून जो निघतो
त्यातला अर्धा तू कशाच्या बदल्यात घेतोस?"
मी खूण काढतो.
फाईल साठ केबीनं फुगते.

मूळ फोटो वेगळे जपा, मी बजावतो,
एकदा उतरवलेलं परत चढत नाही.
त्या भट्टीकडे बघतात.
"हे तू मला शिकवतोस?"

अठ्ठ्याहत्तरवर थांबून
एक फोटो पाठवला केरीला, माझ्या बहिणीला.
तिथे रेंज येते ती फक्त
बसथांब्यामागच्या खडकावर.
बऱ्याच वेळानं तिचं उत्तर:
अर्धी होडी आली. खडक तापलाय.

बाईंनी ते दोनदा वाचून घेतलं.
ब्रश पाण्यात बुडवला, झटकला.
"उतरव अजून थोडं," म्हणाल्या,
"पोर उन्हात बसलीय.
निळ्याला मात्र हात लावू नकोस."