ठक्

तांबट आळीत वाढले मी;
वाजवल्याशिवाय हंडासुद्धा घेत नाही.
म्हणून पगारेंची नजर चुकवून
दोन्ही फ्रेमींना नखानं टिचकी मारली.
सव्वा लाखाची वाजली, वाजतच राहिली,
बोट मागे घेतलं तरी.
सतरा हजारांची म्हणाली : ठक्.

पगारे सांगत होते,
हिची नळी टोकांना जाड, पोटात पातळ,
जोड पितळेनं भरलेले, शिवण शोधून दाखवा.
आणि ही?
"ही लोखंड आहे, ताई."

मी ठक् घेतली.
पैसे तेवढेच होते, हे आधी सांगायला हवं होतं.

दिंडोरी सोडल्यावर
संयोगिताची सव्वा लाखाची
लादलेल्या पिशव्यांसकट गुणगुणत पुढे.
माझी, प्रत्येक खड्ड्याची बातमी
थेट माकडहाडाला.

वणीच्या अलीकडे मागचा जोड तडकला.
द्राक्षबागेचे अँगल जोडणारा एक पोरगा,
काळी काच कपाळावर सारून म्हणाला,
रंग खरवडा. साठ रुपये.
ठिणग्या, धूर, एक फुगीर वण.
मग त्यानं संयोगिताची नळी वाजवली,
कान लावून बराच वेळ ऐकली.
"हिला मी हात नाही लावणार.
भोक पडेल."

नांदुरीच्या घाटात उतरताना
संयोगिता पहिल्यांदाच माझ्या मागे होती,
दोन्ही ब्रेकांवर बोटं.

घरी येऊन पुन्हा टिचकी मारली.
वणाजवळ आवाज किंचित बसका लागतो.

हंडा असता
तर परत केला असता.