पाणी खालनं

राजारामपुरीतलं कॉलेज, तिसरा मजला.
बारानंतर नळाला धार नसायची.
इलाहीमामा शिकलगार बादली स्टुलावर चढवायचे,
रबरी नळीला तोंड लावून ओढ घ्यायचे,
थुंकायचे, मग सांगायचे:
"पाणी खालनं घाल, वरनं जाऊ दे.
वरनं घातलंस तर काचेचं पोट भरत न्हाई,
आन् उपाशी काच तडकती."

मी वरनं घातलं.
गवती चहाचं तेल काढायचं होतं,
पाच वाजता पन्हाळ्याची एस.टी. होती.
कंडेन्सरची वरची वीतभर काच कोरडीच राहिली.
वाफ तिथवर आली
आणि टिक्.
मोहरी तडतडावी, तेवढाच आवाज.

सहाशे चाळीस रुपये.
माझ्या मेसचा अर्धा महिना.
मामांनी चष्मा सदऱ्याला पुसला,
मोडतोडीच्या वहीत सावकाश लिहिलं:
कंडेन्सर एक. जुना. आपोआप.

दुसरा त्यांनीच लावला, बुचाला ग्लिसरीन चोळून.
बराच वेळ काहीच नाही.
मग आतल्या नळीला धुकं,
धुक्याला घाम,
आणि टोकाशी एक थेंब,
पडू का नको करत.

एस.टी. गेली.
तेल निघालं पाऊण मिली.
बोटांचा वास दोन दिवस हटेना,
मेसच्या भाकरीलासुद्धा तोच.